गुग्लिएल्मो मार्कोनी : बिनतारी संदेशाचा जनक आणि त्याचा बंद दरवाजा

१२ फेब्रुवारी १९३१ या दिवशी व्हॅटिकनच्या बागेत उभारलेल्या नव्या केंद्रावरून पोपमहोदय अकरावे पायस यांनी लॅटिन भाषेतून साऱ्या जगाला उद्देशून संदेश दिला. पेत्राच्या वारसदाराचा आवाज एकाच क्षणी निरनिराळ्या खंडांत ऐकू जावा, असे त्यापूर्वी कधी घडले नव्हते. पोपमहोदयांच्या आधी एका सडपातळ, गंभीर गृहस्थांनी श्रोत्यांना प्रास्ताविक सांगितले. हे केंद्र त्यांनीच उभारून दिले होते. त्यांचे नाव गुग्लिएल्मो मार्कोनी.

ख्रिस्तसभेच्या इतिहासात मार्कोनी यांचा उल्लेख बहुधा या एकाच प्रसंगापुरता येतो आणि तो कृतज्ञतेने येतो. ते योग्यच आहे. परंतु त्यांच्या आयुष्याला दुसरी बाजूही आहे. ज्या वाचकांच्या खिशात आज मोबाइल आहे आणि घरात इंटरनेट आहे, त्यांना ती बाजू अधिक जवळची वाटावी. म्हणून दोन्ही बाजू मांडण्याचे आम्ही ठरविले आहे.

मार्कोनी यांचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजी इटलीतील बोलोन्या शहरात झाला. वडील जुझेप्पे सधन जमीनदार, तर आई ॲनी जेमसन ही आयर्लंडमधील प्रॉटेस्टंट घराण्यातील. गुग्लिएल्मो यांचे शालेय शिक्षण विस्कळीत झाले. विद्यापीठाची पदवी त्यांनी कधी घेतली नाही. हाइनरिश हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने विद्युत्‌चुंबकीय लहरींवर केलेले प्रयोग त्यांच्या वाचनात आले आणि पोंतेक्क्यो येथील घराच्या माळ्यावर त्यांनी स्वतःचे प्रयोग सुरू केले. १८९५ साली त्यांनी पाठविलेला संकेत टेकडीपलीकडे पोहोचला. तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते.

१८९६ साली आई त्यांना घेऊन इंग्लंडला गेली. तेथील टपाल खात्याचे मुख्य अभियंता विल्यम प्रीस यांनी या तरुणाला साहाय्य केले. त्याच वर्षी मार्कोनी यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि १८९७ मध्ये त्यांची कंपनी स्थापन झाली. शोध आणि व्यवसाय ही दोन्ही रोपे अशी एकाच कुंडीत वाढली.

याच सुमारास आपल्या देशात जगदीशचंद्र बोस याच लहरींवर काम करीत होते. कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात येशूसंघीय धर्मगुरू युजीन लाफोंट हे त्यांचे गुरू होते. १८९५ मध्ये बोस यांनी कलकत्त्यात जाहीर प्रयोग करून लहरींच्या साह्याने दूरवरची घंटा वाजवून दाखविली. आपल्या शोधातून पैसा मिळवावा, हे बोस यांच्या मनाला पटत नसे. स्नेह्यांच्या आग्रहामुळे घेतलेले अमेरिकन पेटंटही त्यांनी पुढे चालविले नाही. एकाने शोध जगाला देऊन टाकला, तर दुसऱ्याने त्याला कुंपण घातले. यावरून एकाला संत आणि दुसऱ्याला लोभी ठरविण्याची घाई मात्र आम्ही करणार नाही. मार्कोनी यांच्या कंपनीने भांडवल ओतले नसते, तर समुद्रातील जहाजांवर बिनतारी यंत्रे इतक्या लवकर दिसली नसती, हेही खरे आहे.

१२ डिसेंबर १९०१ रोजी न्यूफाउंडलंडमधील सिग्नल हिल या टेकडीवर पतंगाला बांधलेल्या तारेच्या साह्याने मार्कोनी यांनी इंग्लंडच्या पोल्ड्यू येथून आलेला संकेत ऐकल्याचे जाहीर केले. मधले अंतर सुमारे साडेतीन हजार किलोमीटरचे होते. जगभर त्यांचा जयजयकार झाला. पण काही दिवसांतच समुद्रतळाशी तारा टाकणाऱ्या एका कंपनीने त्यांना कायदेशीर इशारा दिला. न्यूफाउंडलंडमध्ये तारव्यवहाराचा एकाधिकार आपला आहे, तेव्हा प्रयोग थांबवावेत, असे तिचे म्हणणे होते. मार्कोनी यांना तेथून निघावे लागले. कॅनडाच्या सरकारने त्यांचे स्वागत केले आणि पुढील केंद्र नोव्हा स्कोशियात उभे राहिले.

दुसऱ्याच्या एकाधिकाराचा चटका बसलेल्या या माणसाने पुढे काय केले, हे पाहण्यासारखे आहे. मार्कोनी कंपनी आपली यंत्रे जहाजमालकांना विकत नसे, भाड्याने देत असे. ती चालविणारे तरुणही कंपनीचेच नोकर असत. इतर कंपन्यांची यंत्रे असलेल्या जहाजांशी, संकटाची वेळ वगळता, संदेशांची देवाणघेवाण करावयाची नाही, असा नियम त्यांना घालून दिलेला होता. समोरचे जहाज हाकेच्या अंतरावर असले, तरी त्याचे यंत्र परके म्हणून उत्तर द्यावयाचे नाही! किनाऱ्यावरील केंद्रे आम्ही आमच्या पैशाने उभारली, त्यांचा लाभ प्रतिस्पर्ध्यांनी फुकट का घ्यावा, असा कंपनीचा युक्तिवाद होता. व्यापाराच्या दृष्टीने तो अगदीच पोकळ नव्हता. परंतु समुद्र कोणत्याही कंपनीच्या मालकीचा नाही आणि आकाशही नाही.

जर्मनीने हा प्रश्न लावून धरला. त्यात जर्मन उद्योगांचे हितसंबंधही गुंतलेले होते, हे विसरता येणार नाही. १९०३ साली बर्लिनमध्ये प्राथमिक परिषद भरली. तेथे ब्रिटन व इटली यांनी कंपनीची बाजू उचलून धरली. १९०६ साली बर्लिनमध्येच झालेल्या दुसऱ्या परिषदेत किनाऱ्यावरील केंद्रांनी, यंत्र कोणत्याही बनावटीचे असो, प्रत्येक जहाजाचा संदेश स्वीकारावा, असे ठरले. संकटाची खूण म्हणून एसओएस ही अक्षरेही याच परिषदेत मान्य झाली. १९०९ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मार्कोनी यांना फर्डिनांड ब्राउन यांच्यासमवेत विभागून मिळाले. या ब्राउन यांच्या संशोधनावर प्रतिस्पर्धी जर्मन कंपनीचा व्यवसाय उभा होता. बाजारात जे एकमेकांशी बोलावयास तयार नव्हते, ते सन्मानाच्या व्यासपीठावर शेजारी उभे राहिले.

एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाली. तिच्यावरील दोन्ही तारयंत्रचालक मार्कोनी कंपनीचे होते. त्यांनी अखेरपर्यंत संदेश पाठविले म्हणून कार्पेथिया हे जहाज धावून आले आणि सातशेहून अधिक जण वाचले. सुमारे दीड हजार मृत्युमुखी पडले. चालक जॅक फिलिप्स हेही त्यांतच गेले. त्यांच्या धैर्यापुढे आम्ही नतमस्तक आहोत. परंतु त्याच रात्री, आघातापूर्वी, जवळच्या कॅलिफोर्नियन जहाजाने बर्फात अडकून थांबल्याची सूचना देण्याचा प्रयत्न केला, तेव्हा फिलिप्स प्रवाशांचे खासगी संदेश किनाऱ्याकडे पाठविण्यात गुंतले होते. त्यांनी त्या चालकाला मध्ये न बोलण्यास सांगितले. थोड्या वेळाने त्या जहाजावरील एकुलता एक चालक यंत्र बंद करून झोपी गेला. दोष एका थकलेल्या तरुणाचा नव्हता. पैसे देऊन पाठविलेला निरोप आणि प्राण वाचविणारी सूचना यांत अग्रक्रम कोणाला, हे त्या व्यवस्थेनेच स्पष्ट ठरविलेले नव्हते.

पुढचा प्रसंग अधिक क्लेशदायक आहे. वाचलेल्यांना घेऊन कार्पेथिया न्यूयॉर्ककडे येत असताना, तुमची हकीकत वृत्तपत्राला चांगल्या किमतीला देण्याचे ठरले आहे, तेव्हा तोंड बंद ठेवा, अशा आशयाचे निरोप कंपनीच्या माणसाकडून चालकांना गेले. आप्तांच्या चिंतेने किनाऱ्यावर हजारो लोक ताटकळत होते. अमेरिकन सिनेटच्या चौकशीत मार्कोनी यांना याबद्दल प्रश्नांना तोंड द्यावे लागले. त्याच वर्षी लंडनच्या परिषदेत जहाजाजहाजांमधील संदेशांनाही कंपनीचा भेद लागू राहणार नाही, असे ठरले. दीड हजार जीव गेल्यानंतर दरवाजा पूर्ण उघडला.

१९१२ मध्येच ब्रिटिश साम्राज्यभर बिनतारी केंद्रे उभारण्याचे कंत्राट या कंपनीला देण्याचे ठरले आणि काही मंत्र्यांनी तिच्या अमेरिकन शाखेचे शेअर घेतल्याचे पुढे उघड झाले. त्यांतील ॲटर्नी जनरल रूफस आयझॅक्स यांचे बंधू कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक होते. हेच आयझॅक्स पुढे लॉर्ड रीडिंग या नावाने १९२१ ते १९२६ या काळात हिंदुस्थानचे व्हाइसरॉय झाले. या प्रकरणावर कॅथॉलिक पत्रकार सेसिल चेस्टरटन, जी. के. चेस्टरटन यांचे बंधू, यांनी झोड उठविली. परंतु त्यांच्या लेखणीत ज्यूद्वेषाचे विष होते आणि अब्रुनुकसानीच्या खटल्यात त्यांना दंड झाला. सत्य सांगताना द्वेष मिसळला की सत्याचीच हानी होते, हा धडा आम्हा संपादकांसाठीही आहे.

मार्कोनी यांच्या उत्तरायुष्याचा हिशेब सोपा नाही. १९२३ मध्ये ते फॅसिस्ट पक्षात दाखल झाले, १९३० मध्ये मुसोलिनी यांनी त्यांना इटलीच्या शाही अकादमीचे अध्यक्ष नेमले आणि इथिओपियावरील आक्रमणाचे त्यांनी समर्थन केले. अकादमीच्या निवडीतून ज्यू विद्वानांना दूर ठेवण्यात त्यांचा हात होता, हे नंतर उजेडात आलेल्या कागदपत्रांवरून दिसते. हे लपविणे आम्हाला उचित वाटत नाही. बुद्धीची झेप मोठी असली म्हणजे विवेकाची झेपही तेवढीच मोठी असते, असे नाही.

तरीही त्यांच्या हातून झालेले कार्य त्यांच्या दोषांपेक्षा दूरवर पोहोचले. १९२७ साली इंग्लंड व हिंदुस्थान यांच्यामध्ये मार्कोनी पद्धतीची बिनतारी सेवा सुरू झाली, तिची आपल्याकडील केंद्रे पुण्याजवळ खडकी आणि दौंड येथे होती. व्हॅटिकन रेडिओने तर दुसऱ्या महायुद्धात एक आगळी सेवा केली. १९४० ते १९४६ या काळात युद्धकैदी, निर्वासित आणि बेपत्ता व्यक्ती यांच्या शोधासाठी तेथून बारा लाखांहून अधिक निरोप प्रक्षेपित झाले. ते ऐकण्यासाठी कोणत्या कंपनीचा संच आहे, हे कोणी विचारले नाही.

वाचकहो, हा प्रश्न जुना झालेला नाही. काही मोजकीच संकेतस्थळे फुकट दाखविणारी फेसबुकची योजना आपल्या देशात आली, तेव्हा गरिबांना मिळणार ते इंटरनेट की इंटरनेटचे एक अंगण, अशी चर्चा झाली. फेब्रुवारी २०१६ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने मजकुरानुसार वेगवेगळे दर आकारण्यास मनाई केली. युरोपीय संघाने २०२२ साली केलेल्या कायद्यानुसार मोठ्या संदेश सेवांनी मागणी आल्यास इतर सेवांशी जोडणी करून देणे बंधनकारक आहे. ही तर १९०६ च्या बर्लिन परिषदेचीच पुढची पायरी. व्हॅटिकनच्या सामाजिक संपर्कविषयक परिषदेनेही २००२ च्या इंटरनेटविषयक दस्तऐवजात ज्यांच्यापाशी साधन आहे आणि ज्यांच्यापाशी नाही, त्यांच्यातील दरीबद्दल चिंता व्यक्त केली होती.

आम्ही कंपन्यांचे शत्रू नाही. त्यांच्या उद्योगाशिवाय हे शब्दही तुमच्यापर्यंत पोहोचले नसते. आमचे म्हणणे एवढेच, की साधन उभारणाऱ्याला त्याचा मोबदला मिळावा. परंतु कोणी कोणाशी बोलावे, हे ठरविण्याचा अधिकार त्याला नसावा. आपल्या धर्मग्रामातही हाच निकष लावून पाहावा. सर्व सूचना केवळ मोबाइलच्या गटावर देताना, ज्या आजीबाईंकडे मोबाइल नाही, तिच्यापर्यंत कोण जाते?

२० जुलै १९३७ रोजी रोममध्ये मार्कोनी यांचे निधन झाले. त्यांच्या सन्मानार्थ रेडिओ केंद्रे दोन मिनिटे स्तब्ध राहिली. त्यांच्या नावाची कंपनीही एकविसाव्या शतकाच्या आरंभी कर्जात बुडून संपली. उघड्या आकाशातून सर्वांना मिळणारा आवाज मात्र त्यांच्यामागेही ऐकू येत राहिला. प्रभू त्यांच्या आत्म्याला शांती देवो, आणि आपल्या हाती आलेल्या साधनांचा दरवाजा उघडा ठेवण्याची सुबुद्धी आपणा सर्वांना देवो.