रेव्हरंड टिळक : धर्मांतर आणि मायभूमी

राजापूर तालुक्यातील नाटे गावापासून दापोलीपर्यंतच्या कोकणपट्टीने महाराष्ट्राला एकाच आडनावाचे दोन थोर पुरुष दिले. लोकमान्य टिळकांचा जन्म १८५६ मध्ये रत्नागिरीस झाला. नारायण वामन टिळकांचा १८६१ मध्ये दापोली तालुक्यातील करजगावी. पहिल्यांची पुण्यतिथी गावोगाव पाळली जाते. दुसऱ्यांची आठवण मात्र पाठ्यपुस्तकातील फुलामुलांच्या कवितेपाशीच थांबते. वस्तुतः त्यांच्या जीवनाने उभा केलेला प्रश्न आजही जिवंत आहे. धर्म बदलणारा माणूस आपल्या मातीला परका होतो काय?

टिळकांनी लहानपणीच घर सोडले आणि नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृताचे अध्ययन केले. पुढे स्वभावातील अस्वस्थतेमुळे ते कोठेही फार काळ स्थिरावले नाहीत. जातिभेदाने जखडलेल्या समाजाला नवा आधार कोणता, हा विचार त्यांना सतत छळीत होता. १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका अपरिचित युरोपियन गृहस्थाने त्यांना ‘नवा करार’ दिला. त्या वाचनाची परिणती १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत घेतलेल्या बाप्तिस्म्यात झाली.

या निर्णयाची जबर किंमत प्रथम त्यांच्या पत्नीला मोजावी लागली, हे विसरून चालणार नाही. लक्ष्मीबाईंच्या वाट्याला काही वर्षांचा वियोग आणि समाजाची टोचणी आली. १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, तो पतीच्या आज्ञेने नव्हे, तर स्वतःच्या मनाशी झगडून. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये टिळकांचा लहरीपणाही मोकळेपणाने आला आहे. म्हणूनच त्या ग्रंथातील टिळक अधिक खरे वाटतात.

ख्रिस्ती झाल्यावर टिळकांनी तुकोबांना टाकले नाही. उलट, तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो अशी त्यांची धारणा होती. परकीय चालींवरील भाषांतरित गीतांच्या जागी त्यांनी अभंग, भजन आणि कीर्तन आणले. ‘ज्ञानोदया’च्या संपादनातून त्यांनी ख्रिस्ती समाजाला राष्ट्रीय वृत्तीची ओळख करून दिली. बालकवी ठोमरे यांना तर त्यांनी अहमदनगरला आपल्या घरीच आश्रय दिला. त्यांच्या हातून अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे लक्ष्मीबाईंनी नेटाने वाढविले.

त्यांच्या श्रद्धेची खरी कसोटी अखेरीस लागली. ते दीक्षित धर्मोपदेशक होते आणि मिशनचे वेतनही त्यांना मिळत होते. पण परक्याच्या पैशावर केलेला उपदेश लोकांच्या अंतःकरणाला भिडत नाही, अशी त्यांची खात्री झाली. १९१७ मध्ये त्यांनी ते वेतन सोडले, संन्यास घेतला आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तालाही तेथे मज्जाव नव्हता. अधिकारपदापेक्षा साध्या भक्ताची भूमिका त्यांना मोठी वाटली, हाच त्याचा अर्थ. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाल्यामुळे तो प्रयोग अपुराच राहिला.

टिळकांनी उपासनेचा मार्ग बदलला. भाषा, संत आणि देश मात्र बदलले नाहीत. स्वधर्मीयांनी त्यांना परका मानले आणि मिशनच्या चौकटीतही ते पुरते मावले नाहीत. असा माणूस पचविण्याइतके मोठे मन समाजापाशी असावे लागते. ते आपल्यापाशी आहे काय, हा प्रश्न टिळकांना नव्हे, आपल्यालाच आहे.