गर्जनेचे गणित

जेट विमाने आली आणि विमानतळांभोवतालच्या वस्त्यांची झोप उडाली. हा कर्णकटू आवाज यंत्राच्या खडखडाटाचाच असावा, अशी कोणाचीही सहज समजूत व्हावी. परंतु त्या काळच्या विमानांत तो मुख्यतः यंत्राबाहेर, मागे सुटणाऱ्या वायूच्या झोतात निर्माण होत असे. त्याचे गणित प्रथम मांडणारे सर जेम्स लाइटहिल यांचे नाव आपल्याकडे अभ्यासकांपलीकडे क्वचितच घेतले जाते.

त्यांचा जन्म १९२४ साली पॅरिसमध्ये एका खाण-अभियंत्याच्या घरी झाला आणि अवघ्या सव्विसाव्या वर्षी ते मँचेस्टर विद्यापीठात प्राध्यापक झाले. ‘कॉमेट’ हे पहिले जेट प्रवासी विमान १९५२ साली सेवेत आले. त्याच वर्षी त्यांचा निबंध रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केला. झोत स्थिर हवेत घुसताना जे भोवरे उठतात, त्या खळबळीतूनच ध्वनी जन्मतो आणि त्याची शक्ती झोताच्या वेगाच्या आठव्या घाताने वाढते, हे त्याचे सार. वेग दुप्पट, तर ध्वनीची शक्ती २५६ पट!

उपायही त्यातच दडलेला होता. झोताचा वेग निम्मा व क्षेत्रफळ चौपट केले, तर रेटा तेवढाच राहतो. ध्वनीची शक्ती मात्र चौसष्टाव्या हिश्श्यावर येते. पुढे मोठ्या पंख्यांची इंजिने आली ती प्रामुख्याने इंधन वाचविण्यासाठी. पण ती शांत का, याचे उत्तर आधीच लिहून ठेवलेले होते.

आणि तरीही, १९५९ ते १९६४ या काळात हेच लाइटहिल फार्नबरो येथील विमानसंशोधन संस्थेचे संचालक असताना तेथे स्वनातीत प्रवासी विमानाची पूर्वतयारी चालू होती. अशा विमानाला अतिवेगवान झोत अटळच. ‘काँकॉर्ड’ने १९७६ ते २००३ पर्यंत प्रवासी नेले आणि विमानतळाशेजारच्या रहिवाशांचे शिव्याशापही घेतले. यात आम्हांला ढोंग दिसत नाही; निसर्गाचा नियम सांगणे निराळे आणि राष्ट्राच्या प्रतिष्ठेचा हट्ट आवरणे निराळे.

रस्त्यावरील वाहनांची दाटी लाटेसारखी मागे सरकते, हेही त्यांनी व्हिदम यांच्यासह १९५५ साली गणिताने मांडले. १९६९ साली केंब्रिजमध्ये न्यूटनचे अध्यासन त्यांच्याकडे आले. त्यांच्यामागून तेथे हॉकिंग बसले.

समुद्राचा मात्र त्यांना विलक्षण ओढा. इंग्लिश खाडीतील सार्क बेटाला त्यांनी १९७३ साली पोहून प्रदक्षिणा घातली व नंतरही अनेकदा. १७ जुलै १९९८ रोजी, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, तीच प्रदक्षिणा चालू असताना हृदयाची झडप फाटून त्यांनी पाण्यातच देह ठेवला.