कुमारी अ‍ॅग्नेस जोन्स

परिचारिकेचे नाव निघाले की आपल्या मंडळ्यांत बहुतेकांस फ्लॉरेन्स नायटिंगेल बाईंचे स्मरण होते, व ते योग्यच आहे. परंतु त्यांच्या शाळेतून तयार होऊन निघालेल्या ज्या एका स्त्रीविषयी त्यांस फार आदर वाटत असे, त्या अ‍ॅग्नेस एलिझाबेथ जोन्स यांचे नाव इंग्लंडात प्रसिद्ध असले तरी आपल्या खेड्यापाड्यांतील वाचकांपैकी थोड्यांच्याच कानी आले असेल. त्यांचे आयुष्य अवघे ३५ वर्षांचे होते. त्यांतील शेवटच्या तीन वर्षांविषयीच आम्हांस मुख्यत्वे लिहावयाचे आहे. आधीची हकीकत थोडक्यात सांगतो.

अ‍ॅग्नेस यांचा जन्म १० नोव्हेंबर १८३२ रोजी केंब्रिज येथे झाला. घराणे आयर्लंडच्या उत्तर भागातील फाहन गावचे, वडील लष्करी अंमलदार. वडिलांच्या पलटणीबरोबर अ‍ॅग्नेस यांच्या बालपणाचा काही काळ मॉरिशस बेटात गेला. घरी सुखवस्तू असूनही गावातील गोरगरिबांच्या घरी जाऊन दुखणाइतांची विचारपूस करणे हा त्यांचा परिपाठ असे. इ. स. १८५३ मध्ये जर्मनीत प्रवास करीत असता त्यांनी कैसर्सवेर्थ येथील सेविकांची संस्था पाहिली. पाळक थिओडोर फ्लीडनर व त्यांच्या पत्नी यांनी १८३६ साली ही संस्था काढली होती, व तेथे ख्रिस्ती स्त्रियांस रुग्णसेवेचे पद्धतशीर शिक्षण मिळत असे. ते दृश्य अ‍ॅग्नेस यांच्या मनात घर करून राहिले. पण घरच्यांची समजूत पडून तेथे शिकावयास जाण्यास १८६० साल उजाडले. पुढे काही काळ त्यांनी लंडनमधील बायबल-स्त्रियांच्या कामावर देखरेख केली, आणि १८६२ मध्ये सेंट थॉमस इस्पितळातील नायटिंगेल बाईंच्या शाळेत त्या दाखल झाल्या.

आता लिव्हरपूलकडे वळू. त्या काळी इंग्लंडात निराधारांकरिता सरकारी कायद्याने चालणारे गरीबखाने असत. १८३४ च्या कायद्याचा हेतू असा की, तेथील जिणे इतके रुक्ष असावे की धडधाकट मनुष्याने निरुपाय झाल्यावाचून तेथे पाऊल टाकू नये. परंतु दारात येत ते बहुधा म्हातारे, आजारी, अनाथ. लिव्हरपूलमधील ब्राउनलो हिलचा गरीबखाना देशातील अत्यंत मोठ्यांपैकी एक होता, आणि त्याच्या रुग्णालयात बाराशेच्या आसपास रोगी असत. त्यांची शुश्रूषा कोण करी? गरीबखान्यातच आश्रयास आलेल्या स्त्रिया. त्यांस ना शिक्षण, ना धड वेतन. कित्येकींस औषधाच्या बाटलीवरील अक्षरही वाचता येत नसे. रोग्यांचे कपडे आठवडेच्या आठवडे बदलले जात नसत. या स्त्रियांस दोष देणे सोपे आहे. पण ज्यांस स्वतःच आधार नव्हता, त्यांच्या खांद्यावर हा भार टाकणारे कारभारीच अधिक दोषी होत, असे आमचे मत आहे.

शहरातील विल्यम रॅथबोन नावाच्या उदार व्यापाऱ्यास ही स्थिती पाहवेना. शिकलेल्या परिचारिका आणाव्या, तीन वर्षांचा खर्च मी सोशीन, असे त्यांनी पंचांस कळविले, आणि नायटिंगेल बाईंच्या सल्ल्याने मुख्य परिचारिकेच्या जागेकरिता अ‍ॅग्नेस जोन्स यांची निवड झाली. १८६५ च्या मे महिन्यात त्यांच्या हाताखाली १२ शिकलेल्या परिचारिका रुजू झाल्या. १८ शिकाऊ मुली घेण्यात आल्या, व गरीबखान्यातील पन्नासांहून अधिक स्त्रियांस थोडे वेतन देऊन मदतनीस नेमले. आरंभी हा प्रयोग केवळ पुरुषांच्या विभागांपुरताच होता.

मदतनीस स्त्रियांचा बेत लवकरच फसला. पहिल्या काही महिन्यांतच त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिकांस दारूच्या व्यसनामुळे काढून टाकावे लागले. त्यांचे काम अर्थातच उरलेल्यांवर पडले. शिवाय गरीबखान्याच्या मुख्य कारभाऱ्यास आपल्या अधिकारात एका स्त्रीचा वाटा सोसवेना. खटके उडू लागले. ते मिटविण्यास नायटिंगेल बाईंस दुरून पत्रे लिहीत बसावे लागे. अ‍ॅग्नेस पहाटे उठत व रात्री उशिरा शेवटची फेरी करून निजत. भांडारातील जिनसा, परिचारिकांची नेमणूक, शिकाऊ मुलींचे शिक्षण, रोग्यांपाशी बसून पवित्र शास्त्र वाचणे, या सर्वांवर त्यांचाच हात असे.

काम यशस्वी झाले. डॉक्टरांनी अनुकूल मत दिले, आणि १८६७ मध्ये पंचांनी ही व्यवस्था कायम करून ती स्त्रियांच्या विभागांसही लागू केली. खर्चही कराच्या पैशातून देण्याचे ठरले. जयजयकार करण्याजोगीच गोष्ट! परंतु येथे वाचकांनी थोडा हिशेब करून पाहावा. शेवटी शेवटी परिचारिका व शिकाऊ मिळून सुमारे ५० जणी होत्या, आणि रोगी १२९० पासून १३५० पर्यंत. म्हणजे खाटांपेक्षा दोनतीनशे जास्त. सर्व जणींस एकाच वेळी उभे केले, रात्रीस एकही ठेवली नाही, तरी एकीच्या वाट्यास पंचवीसांहून अधिक रोगी येत. दिवसपाळी व रात्रपाळी अशी वाटणी केल्यावर काय उरे हे सांगावयास नको. धुणे-पुसणे करणाऱ्या दीडशेवर स्त्रिया होत्या खऱ्या, पण त्यांवरही नजर ठेवावी लागे, व ती नजर पुन्हा त्याच पन्नास जणींची.

त्या हिवाळ्यात गरीबखान्यात टायफस ज्वर शिरला. आपल्याकडे ज्यास टायफॉइड म्हणतात तो हा नव्हे. हा रोग उवांमार्फत पसरतो, हे १९०९ मध्ये शार्ल निकोल यांनी सिद्ध केले. अ‍ॅग्नेस यांच्या हयातीत ते कोणासच ठाऊक नव्हते. जेथे खाटांपेक्षा माणसे अधिक, जेथे अंगावरचे वस्त्र वेळेवर उकळून धुण्यास हात पुरत नाहीत, तेथे हा ज्वर घर करतो. हातांची उणीव केवळ सेविकेस थकविते असे नाही, ती रोगासही दार उघडून देते. थकलेल्या देहाने अ‍ॅग्नेस जोन्स याच ज्वराने पडल्या, आणि १९ फेब्रुवारी १८६८ रोजी प्रभूच्या ठायी निद्रिस्त झाल्या. त्यांचा देह फाहन येथे नेऊन पुरण्यात आला.

अशा मरणाविषयी लिहिताना दिव्याचा दाखला देण्याची रीत आहे: दिवा जळतो व इतरांस प्रकाश देतो. आम्हांस हा दाखला येथे पुरेसा वाटत नाही. अ‍ॅग्नेस यांनी आपला जीव राखून ठेवला नाही, हे खरे व वंदनीय आहे. त्यांची श्रद्धा त्यांच्या सख्ख्या बहिणीने लिहून १८७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणींत पानोपानी दिसते, असे वाचणारे सांगतात. पण तेल घालणे ज्यांचे काम होते त्यांनी ते घातले काय, हाही प्रश्न विचारला पाहिजे. आपल्या गावच्या मिशन दवाखान्यातील एकुलती एक नर्सबाई रात्री तीन बाळंतपणे उरकून सकाळी पुन्हा उभी राहते, तेव्हा मंडळी तिची वाहवा करतात. दुसरी बाई कधी येणार, हे कमिटीस कोणी विचारीत नाही.

नायटिंगेल बाईंनी मात्र ते विचारले. १८६८ च्या जून महिन्यात एका मासिकात त्यांनी आपल्या या शिष्येविषयी लेख लिहिला. त्यात शोक होताच, पण अधिक स्त्रियांनी पुढे येऊन शिक्षण घ्यावे व तिची जागा भरावी, ही मागणी त्याहून ठळक होती. हळूहळू इतर गरीबखान्यांतही शिकलेल्या परिचारिका येऊ लागल्या. तरीही आश्रित स्त्रियांकडून रोग्यांची शुश्रूषा करविण्यास सरकारी हुकमाने बंदी होण्यास १८९७ साल यावे लागले. अ‍ॅग्नेस यांच्या मृत्यूस तेव्हा २९ वर्षे झाली होती.