बोर्डवर कोड चढवताना दिसणारा ‘बॉड’ हा शब्द एका फ्रेंच तारबाबूच्या नावावरून आलाय

आर्डुइनोचा बोर्ड यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडायचा, कोड लिहायचा आणि ‘अपलोड’ दाबायचं. इंजिनीअरिंगच्या पोरांपासून यूट्यूब बघून घरी रोबो बनवणाऱ्या शाळकरी मुलांपर्यंत अनेकांनी हे केलेलं असतं. बोर्डवरचे बारके दिवे लुकलुकतात आणि कोड चिपमध्ये जाऊन बसतो.

कधीकधी मात्र स्क्रीनवर ‘नॉट इन सिंक’ असं येतं. म्हणजे दोघांचं जुळलंच नाही. नॅनो बोर्ड वापरला असेल तर मेन्यूतला ‘ओल्ड बूटलोडर’ हा पर्याय आठवत असेल. बूटलोडर म्हणजे चिपमध्ये आधीपासून बसवलेला छोटा प्रोग्राम. बोर्ड रीसेट झाला की तो क्षणभर कान देऊन बसतो, कोड आला तर आत घेतो. नॅनोचा जुना बूटलोडर ५७६०० बॉडने ऐकतो, नवा ११५२०० बॉडने. चुकीचा पर्याय निवडला की लॅपटॉप बोलत राहतो आणि बोर्डाला काही कळत नाही.

असं का होतं? कारण या जोडणीत बिट एकामागे एक रांगेने जातात आणि सोबत घड्याळाची वेगळी तार नसते. एक बिट किती वेळ टिकणार हे दोन्ही टोकांनी आधीच ठरवून घ्यावं लागतं. इथे ९६०० बॉड म्हणजे सेकंदाला ९६०० बिट.

आता हा बॉड आला कुठून? तर एमिल बोडो या माणसाकडून.

बोडोचा जन्म ११ सप्टेंबर १८४५ चा, फ्रान्सच्या ओत-मार्न भागातला. वडील शेतकरी. शिक्षण गावच्या प्राथमिक शाळेपुरतं. १८६९ मध्ये तो तार खात्यात उमेदवार म्हणून चिकटला. खात्याने त्याला मोर्स शिकवलं आणि पुढे ह्यूजच्या छापणाऱ्या तारयंत्राचं चार महिन्यांचं प्रशिक्षण दिलं. पुढचं सगळं त्या चार महिन्यांतून निघालं असं म्हणायला हरकत नाही.

त्या काळची अडचण साधी होती. तार टाकायला प्रचंड खर्च यायचा, पण तिच्यावरून संदेश पाठवणाऱ्या माणसाचा हात संथ. दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात महागडी तार नुसती पडून. शिवाय मोर्समध्ये प्रत्येक अक्षराची लांबी वेगळी, त्यामुळे यंत्राला अक्षर कुठे संपलं ते कळणं अवघड.

बोडोने दोन्ही गाठी एकत्र सोडवल्या. १८७४ मध्ये त्याने आपल्या पद्धतीचं पेटंट घेतलं. त्याच्या पद्धतीत प्रत्येक अक्षराला पाचच खुणा, प्रत्येक खूण ‘आहे’ किंवा ‘नाही’ आणि प्रत्येकीला सारखाच वेळ. पाच खुणांचे ३२ प्रकार होतात, म्हणून अक्षरं एका गटात आणि आकडे दुसऱ्या गटात ठेवून गट बदलण्याची खूणही दिली. पाच खुणांची कल्पना त्याच्या आधीही लोकांना सुचली होती, पण ती रोजच्या कामात चालवून दाखवली बोडोने.

दुसरी गाठ वेळेची. दोन्ही गावांत एक-एक तबकडी, तिच्यावर फिरणारा ब्रश. ब्रश तबकडीच्या ज्या भागावर असेल त्या कर्मचाऱ्याची पाळी. असे चार-सहा जण एकाच तारेवर आळीपाळीने काम करायचे. मात्र दोन्ही ब्रश एकाच वेगाने फिरले पाहिजेत. वेगात जरा फरक पडला तर एकाचा संदेश दुसऱ्याच्या कागदावर उमटायचा. म्हणून वेग सतत सुधारत ठेवायची सोय यंत्रातच होती.

कर्मचाऱ्यासमोर पेटीसारख्या पाच पट्ट्या असायच्या. दोन डाव्या हाताला, तीन उजव्या. यंत्रातून ‘टक’ असा आवाज आला की बोटं पडलीच पाहिजेत, ना आधी ना नंतर. मिनिटाला साधारण ३० शब्द. एका अर्थी माणसालाच बॉड रेट पाळायला लावलेला! हे काम किती थकवणारं असेल, याचा विचार कौतुकाच्या भरात सहसा राहून जातो.

१८७७ मध्ये पॅरिस ते बोर्दो ही लाइन सुरू झाली. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात सुवर्णपदक मिळालं. पण खात्याकडून पैशाची मदत फारशी नव्हती. संशोधनाचा खर्च बोडो बऱ्याचदा खिशातून करायचा, आणि १८८० मध्ये त्याला ते पदकही विकावं लागलं.

त्यात लुई व्हिक्टर मिमो या दुसऱ्या तार कर्मचाऱ्याने कल्पना आपली असल्याचा दावा लावला. कोर्टात तो हरला. पुढे १८८८ मध्ये याच मिमोने तार खात्यातले नावाजलेले अभियंते जूल रेनो यांना गोळ्या घालून ठार मारलं.

बोडोचं घरगुती आयुष्यही फार सुखाचं नव्हतं. जानेवारी १८९० मध्ये लग्न झालं आणि तीन महिन्यांत पत्नी वारली. त्याची स्वतःची तब्येत नोकरीला लागल्यापासूनच नाजूक. २८ मार्च १९०३ रोजी, वयाच्या ५७ व्या वर्षी, पॅरिसजवळच्या सो इथे तो गेला. तोवर त्याची यंत्रं फ्रान्सबाहेरही चालू लागली होती. पुढे ती भारताच्या तार खात्यातही आली.

१९२० च्या दशकात तारेच्या वेगाच्या एककाला त्याचं नाव देण्यात आलं. पाच खुणांचा कोड डोनाल्ड मरे यांनी सुधारला आणि तो टेलीप्रिंटरमध्ये गेला. वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत बातम्या ओकत खडखडणारी ती यंत्रं आठवणारे वाचक अजून असतील. त्यांचा नेहमीचा वेग होता ५० बॉड.