फादर लाझ्झारो स्पालान्झानी : पोट आणि वटवाघळे

डॉक्टरांनी उपाशीपोटी सोनोग्राफी करायला सांगितली की आपण निमूटपणे टेबलावर जाऊन पडतो. आपल्या कानांना ऐकू न येणारा ध्वनी पोटात सोडायचा आणि यकृत, पित्ताशय, मूत्रपिंड यांच्यावरून परतणाऱ्या प्रतिध्वनींतून पित्तखडे वा गाठी ओळखायच्या, अशी ही तपासणी. न ऐकू येणाऱ्या या ध्वनीच्या उंबरठ्यापर्यंत सर्वप्रथम पोहोचले ते एक कॅथलिक धर्मगुरू.

लाझ्झारो स्पालान्झानी यांचा जन्म १७२९ साली उत्तर इटलीतील स्कांदियानो येथे झाला. येशूसंघीयांकडे शिक्षण झाल्यावर कायद्याच्या अभ्यासासाठी ते बोलोन्याला गेले. तेथे प्राध्यापिका असलेल्या त्यांच्या नातलग लाउरा बास्सी यांनी त्यांना विज्ञानाची गोडी लावली. पुढे त्यांनी गुरुदीक्षा घेतली. १७६९ पासून अखेरपर्यंत ते पाव्हिया विद्यापीठात प्राध्यापक होते.

अन्न पोटात दळले जाते की विरघळते, हा त्या काळचा वाद. फादरांनी पक्ष्या-प्राण्यांबरोबर स्वतःच्याही पोटावर प्रयोग केले. अन्न भरलेल्या कापडी पिशव्या आणि छिद्रे पाडलेल्या लाकडी नळ्या ते गिळत. उपाशीपोटी ओकारी काढून त्यांनी आपला जठररस मिळविला. हा रस शरीराबाहेरही मांस विरघळवतो, हे त्यांनी सिद्ध केले.

१७९३ साली त्यांचे लक्ष वटवाघळांकडे गेले. मेणबत्ती विझताच घुबड धडपडले, वटवाघूळ मात्र सहज उडत राहिले. महामंदिराच्या घंटामनोऱ्यातील वटवाघळे आंधळी करून त्यांनी सोडून दिली. प्रयोग निर्दय होता, हे मान्य केलेच पाहिजे. त्यांतली काही पुन्हा सापडली तेव्हा त्यांची पोटे कीटकांनी भरलेली होती! पुढे जिनिव्हाचे शल्यविशारद लुई ज्युरीन यांनी वटवाघळांचे कान बंद केले, तेव्हा ती अडथळ्यांवर आदळू लागली. फादरांनी हा प्रयोग स्वतः करून पाहिला आणि निष्कर्ष स्वीकारला. पण कान नेमके काय ऐकतात? याचे उत्तर त्यांना मिळाले नाही. अनेक विद्वानांनी तर त्यांचे म्हणणे मोडीतच काढले. हार्वर्डमध्ये वटवाघळांचे श्राव्यातीत ध्वनी यंत्राने टिपले गेले, ते १९३८ मध्ये.

ग्लासगोच्या डॉ. इयन डोनाल्ड यांचे यंत्र वटवाघळांवरून नव्हे, तर धातूतील दोष शोधणाऱ्या उपकरणावरून घडले. तत्त्व मात्र तेच. पोटाच्या असाध्य कर्करोगाचे निदान झालेल्या एका स्त्रीच्या पोटात त्यांना या यंत्राने अंडाशयाची द्रवाने भरलेली गाठ दाखविली. शस्त्रक्रियेने ती काढली आणि बाई वाचली. त्यांचा शोधनिबंध १९५८ साली प्रसिद्ध झाला.

स्पालान्झानी यांना अखेरच्या काळात मूत्राशयाच्या विकाराने ग्रासले होते. फेब्रुवारी १७९९ मध्ये ते पाव्हियातच निवर्तले. त्यांचे मूत्राशय तेथील विद्यापीठाच्या संग्रहालयात जतन केलेले आहे.