स्वामी रामानंद तीर्थ : साधनांवाचून उभे राहिलेले विद्याकार्य

संन्याशास ज्ञाती नसते, हे आम्ही जाणतो. तथापि वसतिगृहास निधी नाही, शिष्यवृत्तीस पैसा नाही, ही तक्रार ज्या ज्ञातिसभांतून नित्य ऐकू येते, त्या सभासदांच्या कुटुंबांपुढे स्वामीजींचे चरित्र ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पूर्वाश्रमीचे व्यंकटेश भवानराव खेडगीकर यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे झाला. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळक निवर्तले, आणि या कोवळ्या विद्यार्थ्याने आजन्म ब्रह्मचर्य पाळून देशसेवा करण्याचा निश्चय केला. पुढे अमळनेर व पुणे येथील राष्ट्रीय शिक्षण आणि ना. म. जोशी यांच्या सान्निध्यातील कामगारकार्य, ही त्यांची पूर्वतयारी होय.

इ. स. १९२९ मध्ये ते निजामी मुलखात, लातूरच्या सीमेलगतच्या हिप्परगा या खेड्यात आले. व्यंकटराव देशमुख व अनंतराव कुलकर्णी यांनी १९२१ साली येथे राष्ट्रीय शाळा स्थापिली होती. त्या काळी संस्थानात माध्यमिक शिक्षणाची भाषा उर्दू. खाजगी शाळेस सरकारी परवानगीची अट. आणि पूर्वपरवानगीवाचून सभा भरविण्यास गश्ती निशाण ५३ चा प्रतिबंध! राजाश्रय नाही, द्रव्य नाही, शहराची सोय नाही. अशा स्थितीत मुख्याध्यापकाने काय करावे?

स्वामीजींनी उणिवेलाच कामास लावले. सभा भरविता येत नव्हती, पण वर्ग भरत होता. तेव्हा जे व्यासपीठावरून सांगावयाचे, ते फळ्यापाशी सांगितले जाऊ लागले. शिक्षकांस भरघोस वेतन देणे अशक्य होते. म्हणून वेतनाची अपेक्षा न धरणारी ध्येयवादी माणसेच त्यांनी जवळ केली. बाबासाहेब परांजपे हे त्यांपैकी एक. स्वतः त्यांनी संन्यासदीक्षा घेतली. ती वैराग्यातून घेतली यात शंका नाही. परंतु ज्याचा प्रपंचखर्च शून्य, असा मुख्याध्यापक दरिद्री शाळेला त्यायोगे लाभला, हेही खरे. आमचे हे म्हणणे कोणास धाडसाचे वाटल्यास क्षमा असावी.

१९३५ मध्ये ते सहकाऱ्यांसह अंबाजोगाईस गेले व तेथील योगेश्वरी विद्यालयाची धुरा त्यांनी उचलली. १९३८ साली स्टेट काँग्रेस स्थापन होण्यापूर्वीच तिच्यावर बंदी आली. स्वामीजींनी शाळा सोडून सत्याग्रह केला व कारावास पत्करला. पैसा वा शस्त्र यांचे बळ नसलेल्या त्या लढ्यास मराठवाड्यात कार्यकर्ते मिळाले, ते बव्हंशी अशा शाळांतूनच तयार झालेले. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, त्या दिवशीही स्वामीजींस अटक झाली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले.

सत्तेचे पद मागण्याचा हा समय होता. पण स्वामीजी पुनः शाळा-महाविद्यालयांकडे वळले. गोदाकाठच्या नांदेडात उच्च शिक्षणाची सोय नव्हती; ती उणीव भरून काढण्यासाठी नांदेड एज्युकेशन सोसायटीचे पीपल्स कॉलेज १९५० साली सुरू झाले, त्यामागे त्यांची प्रेरणा होती. नरहर कुरुंदकरांसारखा विद्वान पुढे त्याच महाविद्यालयाचा प्राचार्य झाला. १९५२ व १९५७ मध्ये स्वामीजी लोकसभेवर निवडून गेले. त्याविषयी येथे अधिक लिहीत नाही.

२२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबाद येथे त्यांचे देहावसान झाले. १९९४ साली नांदेड येथे स्थापन झालेले विद्यापीठ त्यांचेच नाव धारण करते, आणि हिप्परग्याच्या शेजारच्या लातूर जिल्ह्यातील मुलेमुली तेथूनच पदवी घेतात.