हॉकीवीर एडी शोअर

हॉकी म्हटले म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे सपाट मैदान, वाकडी काठी आणि पांढरा चेंडू उभा राहतो. परंतु कॅनडा देशात हॉकी म्हटले असता कोणाच्याही मनात मैदान येत नाही. येते ते बर्फ. हिवाळ्यात तेथील तळी व नद्या गोठून दगडासारख्या कठीण होतात, आणि मुले पोलादी पाती जडविलेले बूट पायांत चढवून त्या बर्फावर हा खेळ खेळतात. ह्या खेळात ज्याने जगभर नाव मिळविले अशा एका खेळाडूचे चरित्र आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावे असे आम्ही योजिले आहे. त्याचे नाव एडी शोअर. तो आपल्या काळचा श्रेष्ठ खेळाडू होता, ह्यात शंका नाही. तथापि केवळ त्याचे गुणगान करण्यासाठी आम्ही लेखणी उचललेली नाही. त्याच्या आयुष्यात पराक्रम आहे, अपराध आहे, क्षमा आहे, आणि क्षमेचा धडा मिळूनही तो पुरता न शिकणे हेही आहे. म्हणूनच ते वाचण्याजोगे आहे, असे आम्हांस वाटते.

प्रथम ह्या खेळाविषयी दोन शब्द सांगणे जरूर आहे. बर्फाचे क्रीडांगण साधारणपणे २०० फूट लांब व ८५ फूट रुंद असून त्याभोवती फळ्यांचे कुंपण असते. प्रत्येक संघाचे सहा खेळाडू एका वेळी खेळतात. चेंडूऐवजी टणक रबराची काळी चकती असते. ती ३ इंच व्यासाची व १ इंच जाड असून तिला पक म्हणतात. खेळाडू धावत नाहीत, तर घसरत जातात; त्यामुळे त्यांचा वेग घोड्याच्या दौडीसारखा असतो. अंगावर अंग आदळून प्रतिपक्षास अडविणे ह्या खेळाच्या नियमांत बसते. मात्र नियमाबाहेरचा आघात केल्यास पंच त्या खेळाडूस काही मिनिटे बाहेर बसवितात, व तेवढा वेळ त्याच्या संघास एक गडी कमी घेऊन खेळावे लागते. गोलरक्षकाच्या पुढे बचावासाठी दोन खेळाडू उभे असतात. शोअर हा अशा बचाव करणाऱ्यांपैकी होता.

त्याचा जन्म २५ नोव्हेंबर १९०२ रोजी कॅनडाच्या सस्कॅचेवन प्रांतात झाला. हा प्रांत म्हणजे गव्हाच्या अफाट शेतांचा मुलूख. शोअरचे घराणे शेतकऱ्याचे असल्यामुळे शेतावरील कष्टाची कामे त्यास लहानपणापासून करावी लागली, व त्यायोगे त्याचे शरीर काटक बनले. आरंभी हॉकीत तो विशेष चमकला नव्हता. तुला हा खेळ कधीच साधणार नाही, असे त्याचा भाऊ त्यास हिणवीत असे, व त्या बोलण्याने इरेस पेटून त्याने कडाक्याच्या थंडीत तासचे तास सराव केला, असे सांगतात. गोष्ट कशीही असो, त्याची चिकाटी मात्र सर्वांनी मान्य केलेली आहे. प्रांतातील लहान संघांतून खेळत तो रेजायना व पुढे एडमंटन ह्या शहरांच्या धंदेवाईक संघांत गेला. १९२६ साली पश्चिमेकडील ती लीग मोडली, आणि तिच्यातील खेळाडू पूर्वेकडील संघांनी विकत घेतले. त्या वेळी शोअर हा अमेरिकेतील बोस्टन ब्रुइन्स ह्या संघात दाखल झाला.

बोस्टनमध्ये तो आला आणि तेथील प्रेक्षकांस जणू नवा खेळ पाहावयास मिळाला. त्या काळी बचाव करणाऱ्याने आपल्या जागी उभे राहून येणाऱ्यास अडवावे, एवढीच बहुधा अपेक्षा असे. शोअर मात्र पक हाती लागताच ती घेऊन प्रतिपक्षाच्या गोलापर्यंत मुसंडी मारीत असे. वाटेत जो आडवा येईल तो बर्फावर लोळण घेई, किंवा शोअर स्वतः लोळण घेई. परंतु तो लगेच उठून पुन्हा धावे. पहिल्याच हंगामात त्याने १२ गोल केले. बचाव करणाऱ्या खेळाडूच्या मानाने ही संख्या मोठी होती. मात्र त्याच्या संतापाचीही नोंद त्याच पुस्तकात आहे. दुसऱ्या हंगामात पंचांनी त्यास एकंदर १६५ मिनिटे शिक्षेसाठी बाहेर बसविले. तोपर्यंत त्या लीगमध्ये एका हंगामात एवढी शिक्षा कोणासही झाली नव्हती.

त्याच्या धैर्याच्या दोन गोष्टी प्रसिद्ध आहेत. एकदा सरावाच्या वेळी आपल्याच संघातील एका गड्याशी टक्कर होऊन त्याचा कान जवळजवळ तुटून लोंबू लागला. कान कापून टाकावा, असे डॉक्टरांचे मत पडले. शोअरने ते मानले नाही. तो कान शिवून देणाऱ्या डॉक्टराच्या शोधात हिंडला, आणि असा डॉक्टर भेटल्यावर गुंगीचे औषध न घेता, हाती आरसा धरून टाके नीट पडतात की नाही हे तो पाहत राहिला, असे सांगतात.

दुसरी गोष्ट जानेवारी १९२९ मधील. बोस्टनचा संघ सामन्यासाठी कॅनडातील मॉन्ट्रियल शहरी निघाला असता वाटेतील रहदारीमुळे शोअरची आगगाडी चुकली. दुसरा कोणी असता तर घरी परतला असता. शोअरने एका धनिक स्नेह्याची मोटार मिळविली आणि हिमवादळात, डोंगरांतील निसरड्या वाटेने, रात्रभर व दुसरा बहुतेक दिवस प्रवास करून तो तीनशेहून अधिक मैल दूर असलेल्या मॉन्ट्रियलला सामन्याच्या सुमारास पोहोचला. काच बर्फाने झाकली जात असल्यामुळे ती उघडून थंड वाऱ्यात त्याने गाडी हाकली, व त्याचे हातपाय गारठून गेले होते. तरीही तो जवळजवळ सारा सामना खेळला, आणि त्या सामन्यातील एकमेव गोल त्यानेच केला. व्यवस्थापक आर्ट रॉस हे शिस्तीचे कडवे भोक्ते होते. गाडी चुकविल्याबद्दल त्यांनी त्यास दंड केला तो केलाच. त्याच वर्षी बोस्टनने प्रथमच स्टॅन्ली चषक जिंकला. ह्या खेळात त्याहून मोठा मान नाही.

आता ज्या प्रसंगामुळे शोअरचे नाव आजही घेतले जाते, त्याकडे वळू. १९३३ साली लीगमधील सर्वांत मोलाचा खेळाडू म्हणून हार्ट चषक त्यास मिळाला होता, व त्याची कीर्ती शिगेस पोहोचली होती. त्याच वर्षी १२ डिसेंबर रोजी बोस्टन येथे टोरोंटो मेपल लीफ्स ह्या संघाशी सामना होता. खेळ चुरशीचा होऊन दोन्ही बाजूंची माथी भडकली होती. शोअर पक घेऊन चढाई करीत असता टोरोंटोच्या एका गड्याने त्यास पाडले. पंचांनी शिट्टी वाजविली नाही. शोअर उठला तो रागाने अंध होऊनच. पुढे टोरोंटोचा एस बेली हा खेळाडू पाठमोरा उभा होता. हा बेलीही सामान्य नव्हता. १९२८-२९ च्या हंगामात लीगमध्ये सर्वाधिक गुण त्याने मिळविले होते. शोअरने मागून येऊन त्यास असा धक्का दिला की बेलीचे पाय उडून डोके बर्फावर आदळले. त्याची कवटी फुटली. हे पाहून टोरोंटोच्या रेड हॉर्नर याने शोअरला ठोसा लगावला, तेव्हा शोअरही पडून बेशुद्ध झाला. काही क्षणांत दोन नामांकित खेळाडू बर्फावर निश्चेष्ट पडले होते.

शोअर शुद्धीवर आला. जखमेस टाके घालून तो बरा झाला. बेलीची गोष्ट निराळी होती. बोस्टनच्या रुग्णालयात त्याच्या मेंदूवर दोन शस्त्रक्रिया कराव्या लागल्या, व कित्येक दिवस तो वाचेल अशी आशा कोणासही नव्हती. तो दगावला असता तर शोअरवर मनुष्यवधाचा खटला होण्याचा संभव होता. लीगने शोअरला १६ सामने खेळण्यास बंदी केली. त्या काळी एका हंगामात ४८ सामने असत. अर्थात हंगामाचा तिसरा हिस्सा त्यास गमवावा लागला. सुदैवाने बेली वाचला. पण हॉकी खेळणे त्यास पुन्हा कधीच शक्य झाले नाही. तिशीच्या उंबरठ्यावर असलेल्या एका पुरुषाचा धंदा, कीर्ती आणि आवडता खेळ ही तिन्ही एका क्षणाच्या रागाने नाहीशी झाली. आणि तो राग त्याचा स्वतःचा नव्हे, दुसऱ्याचा होता.

बेली व त्याचे कुटुंब ह्यांस मदत व्हावी म्हणून १४ फेब्रुवारी १९३४ रोजी टोरोंटो येथे एक खास सामना ठरविण्यात आला. एका बाजूस मेपल लीफ्स, तर दुसऱ्या बाजूस लीगमधील इतर संघांचे निवडक खेळाडू. त्या निवडक खेळाडूंत शोअरही होता. सामन्यापूर्वी बेली साध्या पोशाखात बर्फावर आला, आणि एकेक खेळाडू त्याच्याकडून आपला अंगरखा घेण्यास पुढे येऊ लागला. शोअरची पाळी आली तेव्हा सारे प्रेक्षागृह स्तब्ध झाले. हे बेलीचे शहर होते. येथील लोक शोअरला काय म्हणतील, ह्याची सर्वांस धास्ती होती. बेलीने आपला हात पुढे केला. शोअरने तो हातात घेतला. त्याबरोबर हजारो लोकांनी असा जयघोष केला की गोल झाल्यावरही तसा क्वचितच होत असेल.

त्या दिवशी मेपल लीफ्स ७ विरुद्ध ३ गोलांनी विजयी झाले व वीस हजार डॉलरांहून अधिक रक्कम जमली. बेलीचा ६ हा अंक त्याच्या सन्मानार्थ संघाने बाजूस ठेवला. त्या लीगमध्ये असा मान मिळालेला तो पहिला खेळाडू होय. परंतु आमच्या मते त्या दिवसाचा खरा विजय गुणफलकावर लिहिला गेला नाही. ज्याचे नुकसान झाले त्यानेच प्रथम हात पुढे करावा, ही गोष्ट बोलण्यास सोपी आणि करण्यास किती अवघड आहे, हे शाळेतील साध्या भांडणानंतर अबोला धरणाऱ्या आमच्या बालवाचकांस निराळे सांगावयास नको.

पुढे शोअर डोक्यास संरक्षक टोप घालून खेळू लागला. शिर सलामत तर पगडी पचास, ही आपली म्हण त्या खेळास फार उशिरा पटली. नव्याने येणाऱ्या खेळाडूंस टोप सक्तीचा झाला तो १९७९ साली. शोअरचा पराक्रम मात्र कमी झाला नाही. १९३५, १९३६ व १९३८ ह्या साली हार्ट चषक पुन्हा त्याच्याकडे आला. चार वेळा तो मिळविणारा बचाव करणारा खेळाडू दुसरा झालेला नाही. १९३९ साली बोस्टनने दुसऱ्यांदा स्टॅन्ली चषक जिंकला, तेव्हाही तो संघात होता.

येथेच चरित्र संपविले असते तर ते गोड झाले असते. परंतु ते खरे झाले नसते. १९३९ साली त्याने मॅसॅच्युसेट्स संस्थानातील स्प्रिंगफील्ड येथील हॉकी संघ विकत घेतला व तो मालक बनला. त्याची हॉकीची जाण खोल होती. पाऊल कसे टाकावे, गुडघा कसा वाकवावा, हे तो बारकाईने शिकवी, व त्याच्या हाताखालून गेलेले काही खेळाडू पुढे नामांकित शिक्षक झाले. १९६०, १९६१ आणि १९६२ अशी तीन वर्षे लागोपाठ त्याच्या संघाने आपल्या लीगचा काल्डर चषक जिंकला. परंतु मालक म्हणून तो अतिशय कठोर व कवडीचुंबक होता. जे खेळाडू संघाबाहेर बसत, त्यांच्याकडून तो खुर्च्या रंगविणे, मक्याच्या लाह्या भाजणे असली कामे करून घेई. लहानशा चुकीबद्दल दंड होई. आपण वेदना सोसल्या, तेव्हा इतरांनीही त्या निमूटपणे सोसाव्या, असा त्याचा ग्रह झालेला दिसतो. अखेर डिसेंबर १९६६ मध्ये त्याने तीन खेळाडूंस बिनपगारी दूर केले, तेव्हा उरलेल्यांनी खेळण्यास नकार दिला. त्या संपाचा शेवट शोअरने संघाचा कारभार सोडण्यात झाला, आणि १९६७ साली व्यावसायिक हॉकीपटूंची संघटना स्थापन झाली, तिला ह्या संपाने मोठे बळ दिले.

शोअर १६ मार्च १९८५ रोजी स्प्रिंगफील्ड येथे मरण पावला. बेली त्याच्यामागे सात वर्षे जगला. खेळता येईना म्हणून त्याने खेळाशी वैर धरले नाही. टोरोंटोच्या विद्यापीठात त्याने मुलांस हॉकी शिकविली, व जेथे ते हस्तांदोलन झाले त्याच क्रीडागृहात सामन्यांची वेळ मोजण्याचे काम तो अनेक वर्षे करीत होता. ज्याने सर्वस्व गमावले त्याच्या मनात कडूपणा उरला नाही. ज्यास सर्व मिळाले त्याचा स्वभाव उत्तरोत्तर कठोर होत गेला. हा विरोध आम्हांस विचार करावयास लावतो.

शोअरपाशी जे धैर्य होते ते आमच्या विद्यार्थ्यांनी अवश्य घ्यावे. आगगाडी चुकली म्हणून त्याने हात टेकले नाहीत, हे परीक्षेत एकदा अपयश आलेल्या मुलाने ध्यानात ठेवावे. परंतु स्वतःची वेदना सोसणे हे अर्धेच शौर्य होय. दुसऱ्याची वेदना ओळखणे हे उरलेले अर्धे. पहिले त्याला बालपणीच्या कष्टांनी शिकविले. दुसरे शिकविण्यासाठी एक मनुष्य आपला हात पुढे करून त्याच्यासमोर उभा राहिला होता. तो हात त्याने घेतला खरा. परंतु पुढे आपल्या हाताखालच्या माणसांपुढे तसाच हात करणे त्यास साधले नाही. पालकांसही आमची एवढीच विनंती आहे की, मुलगा सामना जिंकून घरी आला म्हणजे गोल किती केले हे जसे आपण विचारतो, तसेच पडलेल्या गड्यास उठविले की नाही हेही विचारावे.